उरायच्या आधी

अकरा वर्षं मी केटररचा टेम्पो चालवतोय.
मडगाव ते असोळणा, असोळणा ते बाणावली.
जाताना भरलेली पातेली,
येताना भरलेले डबे.
फरक फक्त वासाचा.

रात्री दीडला बँड गप्प होतो,
नवरी सँडल हातात घेऊन गाडीत बसते
आणि मागच्या दारी माझं काम सुरू होतं.
शाकुतीत पुलाव, पुलावात बेबिंक,
कस्टर्डमध्ये कुणीतरी विझवलेली सिगरेट.
वेळ्ळीच्या चढावर मी हॉर्न देतो.
डुकरं ओळखतात मला.
सोरपोतेलही खातात बिचारी,
मी काही सांगत नाही त्यांना.

एका रात्री तिया एर्मेलिंद आडवी आली.
नवऱ्या मुलाची मावशी,
अंगात तोच निळा फ्रॉक
जो मी आधी तीन लग्नांत पाहिलेला.
म्हणाली, झाकण काढ, पुता.
काढलं.
वाकून बघत राहिली कितीतरी वेळ,
शवपेटीत बघतात तशी.
मग कपाळावर क्रूस काढला
आणि मला विचारलं,
तू जेवलास?

मी हो म्हणालो.
खोटं बोललो.

जानेवारीत तिचा फोन.
कपेलाचं फेस्त, प्रेजिदेंत ती,
पाळी आली होती एकतीस वर्षांनी.
टेम्पो हवा म्हणाली.
रात्री किती वाजता येऊ?
रात्री नको रे. दुपारी ये.
उरल्यावर नको. उरायच्या आधी.

गेलो तर अंगणात इसवण,
मांडीएवढे सहा, चांदीसारखे.
थडग्यावरच्या संगमरवरासाठी
तिने बँकेत ठेवलेले पैसे
अंगणात खवल्यांनी चमकत होते.

भाचा एल्विनो कुवेतहून आलेला.
तो ओरडला, इसवण? जेटीवरच्या खलाशांना?
मासळीतच तर लोळतात ते दिवसभर!
एवढी नासाडी कशाला, तिया?

ती खवले काढत होती. मान वर केली नाही.
पकडतात, म्हणाली. खातात कधी?

नासाडी.
अकरा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.
माझ्या डब्यांना तो कुणी लावला नव्हता.

पाद्र फेलिसियान चहाचा कप घेऊन उभे होते.
म्हणाले, अत्तराची कुपी फोडली होती एका बाईने,
तेव्हाही कुणीतरी हेच विचारलं होतं.
कोणी? मी विचारलं.
ते कपात बघून म्हणाले,
ज्याच्याकडे पैशांची थैली असायची, त्याने.
एल्विनो घरात निघून गेला.

कुटबणच्या जेटीवर चाळीसेक जण,
ओडिशाचे, झारखंडचे, जाळ्यांवर बसलेले.
ताटं मांडली, वाढली,
पण कुणी हात लावेना.
एकाने तुकडा उचलून वास घेतला
आणि हळूच खाली ठेवला.
उगाच कोण देईल एवढा चांगला मासा?
काहीतरी बिघडलेलं असणार.

मग तियाच बसली जाळ्यावर, निळ्या फ्रॉकात,
आणि त्यांच्यासमोर पहिला घास घेतला.

मंगरा नावाचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
खाता खाता थांबून म्हणाला,
माँजी, कोई मर गया है क्या?
मी कोकणीत सांगितलं तिला.
ती हसली. नाही म्हणाव. अजून नाही.

माझं ताट तिने टेम्पोच्या बॉनेटवर ठेवलं.
इसवणाला काटे कमी,
तरी एक माझ्या वाट्याला आलाच.
दोन घास कोरडा भात गिळला,
गेला नाही.

त्याच रात्री दुसरा हॉल, दुसरं लग्न,
डबे तेवढेच.
वरच्या डब्यात अख्खा इसवण होता,
एका बाजूने कुणीतरी चाखून सोडलेला.
झाकण लावलं, किल्ली फिरवली.

चढावर मी हॉर्न दिला नाही.
तरी आली डुकरं.